मूल पडलं, पाय मुरगळला, पुढे काय? वाढत्या वयातल्या खेळाडूंच्या दुखापतींचं मार्गदर्शन

पुण्यात सणस मैदानावर, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मूल पडलं की आजूबाजूची मोठी माणसं लगेच निदान करून मोकळी होतात: "मुरगळलाय, होईल बरा." मोठ्या माणसाच्या बाबतीत हे बहुतेकदा खरं ठरतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र ते गृहीत धरू नये.

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांपाशी कूर्चेची एक पट्टी असते, तिला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीला वाढतं ते इथूनच. मुलींमध्ये ही पट्टी साधारण १३ ते १५ आणि मुलांमध्ये १५ ते १७ वर्षांच्या आसपास हाडात मिसळून जाते. तोवर ती शेजारच्या अस्थिबंधांपेक्षा, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्यांपेक्षा, नाजूक असते. ज्या झटक्याने मोठ्या माणसाचा अस्थिबंध ताणला जातो, त्याच झटक्याने मुलाची ग्रोथ प्लेट फुटू किंवा सरकू शकते. वेळेवर उपचार झाले तर ती सहसा छान भरून येते. दुर्लक्ष झालं तर मात्र हाड आखूड राहण्याची किंवा वाकडं वाढण्याची भीती असते.

त्यामुळे पालक आणि प्रशिक्षक दोघांनीही दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. नेमकं कुठे दुखतंय, एका बोटाने दाखव. आणि, या आठवड्यात एकूण किती खेळलास? अचानक झालेली दुखापत पहिल्या प्रश्नाने ओळखता येते. हळूहळू येणारं दुखणं दुसऱ्या प्रश्नाशिवाय कळत नाही, आणि मुलांमध्ये या दुसऱ्या प्रकारची दुखणी फार मोठ्या प्रमाणात टाळता येण्यासारखी असतात.

घोटा मुरगळला तर

खेळ तिथेच थांबवा. "चाल, चाल, मोकळा होईल" असं म्हणून मुलाला मैदानाला फेरी मारायला लावू नका. बुटाची नाडी सैल करून बूट आणि मोजा अलगद उतरवा आणि दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा. पाय वाकडा दिसत असेल, बोटं पांढरी किंवा निळसर पडली असतील, तर पुढचं काहीही न करता पाय आहे त्या स्थितीत आधार देऊन थेट रुग्णालयात न्या.

तसं काही नसेल तर एका बोटाने हाडं चाचपा. घोट्याच्या बाहेरच्या हाडाचं टोक आणि त्याची मागची कड, आतल्या हाडाचं टोक आणि मागची कड, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर असलेला उंचवटा, आणि पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. बाहेरच्या हाडाच्या टोकापासून बोट-दोन बोटं वर ग्रोथ प्लेट असते, तिथे जरा जास्त लक्ष द्या. हाडाच्या पुढच्या आणि खालच्या मऊ भागात दुखत असेल तर मुरगळण्याची शक्यता अधिक. हाडावरच दाबून कळ येत असेल किंवा मुलाला त्या पायावर भार देऊन चार पावलं टाकता येत नसतील, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा.

एक्स-रे साफ आला म्हणजे विषय संपला असंही नाही. ग्रोथ प्लेट कूर्चेची असल्यामुळे एक्स-रेत दिसत नाही, आणि ती जागेवर राहून फक्त भेगली असेल तर फोटो चांगला दिसू शकतो. रिपोर्ट नॉर्मल असूनही हाडावरची नेमकी जागा दुखत राहिली तर अनुभवी डॉक्टर तिला फ्रॅक्चर समजूनच आधार देतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासतात. "फोटो नॉर्मल आहे, उद्यापासून सरावाला ये" हे ऐकलं की आधी ती जागा पुन्हा दाबून बघा.

आता बर्फ. मैदानाजवळ रसवंती असेल तर बर्फ तिथे मिळतो. घरी फ्रीजरमधल्या मटारची पिशवी उत्तम, ती घोट्याभोवती नीट बसते. ओला रुमाल मध्ये ठेवून १५ मिनिटं, लहान मुलांना १० मिनिटं. पहिले दोन दिवस जागेपणी दर दोन-तीन तासांनी. बर्फ थेट कातडीवर धरला तर कातडी भाजते, आणि अर्धा तास धरून ठेवल्याने फायदा दुप्पट होत नाही.

क्रेप बँडेज लहान मुलांना ७.५ सेंटिमीटर रुंदीचं, मोठ्यांना १० सेंटिमीटरचं. ते पायाच्या बोटांच्या मुळापासून वर बांधत जायचं, घोट्यापासून नाही. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर आला पाहिजे, आणि शेवट घोट्याच्या चार बोटं वर. घोट्यापासून सुरुवात केली की सूज खाली पावलात उतरते आणि पाऊल टम्म फुगतं. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा: दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला नाही तर बँडेज घट्ट झालं आहे, सोडून पुन्हा बांधा. रात्री झोपताना काढून ठेवा. झोपताना पायाखाली दोन उशा, म्हणजे घोटा छातीपेक्षा वर राहील.

पहिले दोन-तीन दिवस गरम शेक नाही, तेल लावून चोळणं नाही, गरम लेप नाही. आत रक्त साकळत असताना चोळलं की सूज वाढते. तिसऱ्या दिवसापासून, दुखणार नाही इतपत, घोटा हलवायला सुरुवात करा. अंगठा पेन्सिलीसारखा धरून हवेत अ ते ज्ञ गिरवायचं, दिवसातून तीन वेळा. घोट्याच्या सगळ्या दिशांच्या हालचाली त्यात येतात आणि मुलं ते कंटाळा न करता करतात.

वेदनाशामक औषध

पॅरासिटामॉल पुरेसं असतं. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. ३० किलोच्या मुलाला एका वेळी ३०० ते ४५० मिलिग्रॅम. घोळ होतो तो सिरपमध्ये. बाजारात ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही बाटल्या मिळतात. २५० च्या बाटलीतून या मुलाला ६ ते ९ मिली लागतील, १२० च्या बाटलीतून ३०० मिलिग्रॅमसाठीच १२.५ मिली. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात बंद आहे, तरी घरातल्या मोठ्यांच्या पाकिटातून अर्धी गोळी दिली जाते. ते पूर्ण थांबवा. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत पुण्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात. मुलाला दुखापतीसोबत ताप असेल तर आयबुप्रोफेनही नको, कारण डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि गोळी देऊन मॅच खेळवणं कधीच नाही. दुखणं ही मुलाच्या शरीराची एकमेव सूचना असते, ती दाबून मैदानात उतरवलं तर साध्या भेगेचं मोठं फ्रॅक्चर होऊ शकतं.

हात टेकून पडलं तर

स्केटिंग, मल्लखांब, झोपाळा, कबड्डी, सगळीकडे मूल पडताना हात पुढे करतं. मनगटाचं हाड कधी पूर्ण न तुटता नुसतं चेपतं, ओल्या फांदीसारखं वाकतं. सूज थोडीच असते, मूल बोटंही हलवतं, म्हणून घरचे दोन-तीन दिवस थांबतात. मनगटाच्या वरच्या बाजूला हाड दाबून दुखत असेल तर थांबू नका.

कोपराकडे सर्वांत गंभीरपणे बघा. पाच ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये कोपराच्या जरा वर होणारं फ्रॅक्चर नेहमीचं, आणि तिथूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात. कोपर सुजलेलं असेल तर ते सरळ करू नका, वाकवू नका. ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत घडी केलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन ओढणीने अंगाशी बांधा. बोटांचा रंग, उबदारपणा आणि हालचाल दर १० मिनिटांनी बघा. मुलाला खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. वाटेत फ्रूटी पाजली की शस्त्रक्रिया काही तास पुढे जाते.

हाडवैद्याकडे नेण्याची रीत अजून टिकून आहे, आणि ती मोडावी असं आमचं ठाम म्हणणं आहे. दोन गोष्टी तिथे बिघडतात. ओढून हाड बसवताना ग्रोथ प्लेट आणखी चिरडते. आणि बांबूच्या खपाट्या लावून करकचून बांधलेल्या पट्टीखाली सूज वाढत गेली की स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. बांधलेल्या हाताची बोटं तुम्ही हळूच सरळ केलीत आणि मूल किंचाळलं, किंवा औषध देऊनही दुखणं तासागणिक वाढत गेलं, बोटांना मुंग्या आल्या, तर पट्टी तिथेच पूर्ण कापा आणि मोठ्या रुग्णालयात धावा. ससूनसारख्या ठिकाणी अस्थिरोग विभाग आणि तातडीचा विभाग एकाच आवारात आहेत. हात कायमचा आखडण्यापासून वाचवायला मिळणारा वेळ मोजक्या तासांचा असतो. हाच नियम रुग्णालयातल्या प्लास्टरलाही लागू आहे.

डोक्याला मार आणि तुटलेला दात

डोक्याला मार बसल्यावर मूल शुद्धीवर असलं तरी मेंदूला हादरा बसलेला असू शकतो. गोंधळल्यासारखं बघणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, डोकं दुखणं, चक्कर, उजेड सहन न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्या दिवसाचा खेळ संपला. "बरं वाटतंय सर" म्हणाला तरी संपला. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, आकडी, एक बाहुली मोठी दिसणं, जागं करताना अवघड जाणं, मान दुखणं किंवा हातापायांत बधिरपणा, यांपैकी एक जरी असेल तर १०८ ला फोन करा. मान दुखत असेल तर मुलाला उचलू नका, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवा.

पुढचे एक-दोन दिवस हलकी विश्रांती, मोबाइल शक्य तितका कमी. मग चालणं, मग हलकं धावणं किंवा सायकल, मग एकट्याचा सराव, मग अंगाला अंग न लागणारा संघासोबतचा सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव, आणि शेवटी मॅच. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. त्रास परत सुरू झाला तर एक पायरी मागे. शाळेचा पूर्ण दिवस विनात्रास जमल्याशिवाय मॅच नाही.

पक्का दात मुळासकट निघाला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. मातीचा असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये क्षणभर बुडवा, घासू नका. जमल्यास लगेच खोबणीत बसवून मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. नाहीतर दुधात ठेवून अर्ध्या तासात दंतवैद्य गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

हळूहळू येणारी दुखणी

उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाडं पुढे धावतात, स्नायू मागे राहतात. ताणलेला स्नायू हाडाला जिथे चिकटलेला असतो ती जागा ओढली जाते आणि दुखायला लागते.

गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी गाठीसारखा उंचवटा येऊन दुखतो, त्याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. साधारण १० ते १५ वयाची मुलं, थोड्या आधीच्या वयाच्या मुली. उड्या, बैठका, खो-खोतलं उठणं-बसणं. याला शस्त्रक्रिया जवळपास कधीच लागत नाही, पण वेळ लागतो: काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष. खेळ पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते. उड्या आणि बैठका निम्म्यावर आणा, सरावानंतर १५ मिनिटं बर्फ, मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंना रोज ताण, प्रत्येकी ३० सेकंद तीन वेळा. दम टिकवायला पोहणं चांगलं. टिळक तलाव असो की घराजवळचा कुठलाही, गुडघ्याला पाण्यात धक्का बसत नाही. उंचवटा पुढेही राहिला तरी घाबरू नका.

टाचेचं दुखणं, सीव्हर, ८ ते १४ या वयातलं. टाच दोन्ही बाजूंनी तळव्यात धरून दाबली की मूल पाय ओढून घेतं, आणि सरावानंतर चवड्यावर चालतं. कडक मैदान आणि पातळ तळव्याचे फुटबॉलचे बूट ही नेहमीची कारणं. दोन्ही बुटांत सिलिकॉनचे हील कप (टाचेखाली बसणाऱ्या मऊ वाट्या) घाला. फक्त दुखऱ्या पायात घातला तर चाल तिरकी होते. पोटरीला रोज ताण द्या.

वेगवान गोलंदाजाची कंबर दुखत असेल तर "पाठ लचकली" म्हणून सोडू नका. मागे वाकल्यावर, एका पायावर उभं राहून मागे झुकल्यावर, गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला नेमकं दुखत असेल तर मणक्याच्या मागच्या कमानीला भेग पडत असण्याची शक्यता असते. एमआरआयमध्ये ती लवकर दिसते, आणि लवकर सापडली तर साधारण तीन महिन्यांच्या विश्रांतीने भरून येऊ शकते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वर्षानुवर्षं वापरलेली मर्यादा इथेही लावता येते: १३ वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये (सलग गोलंदाजीत) ५ षटकं आणि दिवसात १०, १४-१५ ला ६ आणि १२, १६-१७ ला ७ आणि १८. नेट्समधली षटकंही यात मोजायची. वडील नेट्स मोजत नाहीत आणि सर मॅच मोजत नाहीत, म्हणून एकच वही ठेवा.

जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांब करणाऱ्यांचं मनगट, जोरात फेकणाऱ्यांचा खांदा आणि कोपराची आतली बाजू, पोहणाऱ्यांचे खांदे: सगळीकडे हेच सूत्र. सांधा जवळ, ग्रोथ प्लेट जवळ, भार वारंवार.

एक दुखणं फसवतं. गुडघा किंवा मांडी दुखते, पण गुडघ्यात काहीच सापडत नाही, मूल लंगडतं, पाय बाहेरच्या बाजूला वळवून टाकतं. १० ते १५ वयाचं, विशेषतः जास्त वजनाचं मूल असेल तर खुब्याच्या हाडाचा गोळा ग्रोथ प्लेटवरून घसरत असू शकतो. त्याला त्या पायावर चालू देऊ नका आणि त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढा. रात्री झोपेतून उठवणारं एकाच बाजूचं दुखणं, ताप येऊन सुजलेला सांधा, घटणारं वजन, यांचा खेळाशी संबंध जोडत बसू नका, लगेच तपासा. वाढीच्या वयातलं साधं दुखणं दोन्ही पायांत असतं, संध्याकाळी येतं, सकाळी नसतं, आणि त्यात मूल लंगडत नाही.

आठवड्याचा हिशोब

मुलाला ० ते १० मध्ये दुखणं सांगायला शिकवा. सरावात ३ पर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी गेलेलं असेल तर भार थोडा कमी करून चालू ठेवता येतं. ४ च्या वर गेलं, सकाळीही राहिलं, किंवा मूल लंगडलं तर सराव बंद. लंगडणाऱ्या मुलाला खेळवायचं नाही, याला अपवाद नाही.

संघटित सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, हा मुलांच्या क्रीडावैद्यकातला रुळलेला ठोकताळा. बारा वर्षांच्या मुलाचं उदाहरण घ्या. सकाळी फुटबॉलचा क्लास, पाच दिवस दीड तास: साडेसात. शाळेचा संघ, तीन दिवस एक तास: तीन. रविवारची मॅच दोन तास. "स्टॅमिनासाठी" तळजाई टेकडीवर पळणं एक तास. झाले साडेतेरा, आणि प्रत्येकाला आपलाच भाग दिसतो. यातला शाळेचा एक दिवस आणि तळजाई काढली की साडेअकरा उरतात. आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि वर्षात एका खेळातून एकूण दोन-तीन महिने बाहेर. गणपतीच्या आधी ढोलपथकात जाणाऱ्या मोठ्या मुलांनी कमरेला ढोल बांधून उभं राहण्याचे तासही याच वहीत लिहावेत. वेगवान गोलंदाजाच्या कमरेला तो भार वेगळा वाटत नाही.

पुण्यातलं सगळ्यात वाईट वेळापत्रक उन्हाळी शिबिराचं. परीक्षेचे दोन महिने मूल खुर्चीत बसतं आणि एप्रिलअखेर अचानक रोज तीन तास कडक मैदानावर. शिबिराच्या तीन आठवडे आधीपासून दिवसाआड २०-३० मिनिटं पळणं-खेळणं सुरू करा. शिबिर सकाळी नऊच्या आत संपणारं निवडा. दर १५-२० मिनिटांनी काही घोट पाणी. तासापेक्षा जास्त असेल तर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. उन्हात मूल गोंधळलं, बरळलं तर आधी अंगावर भरपूर पाणी ओता, मग १०८.

दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंची नोंदवा, सकाळी, अनवाणी. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली तर पुढचे काही महिने उड्या आणि स्प्रिंट कमी, तोल आणि ताकदीचे व्यायाम जास्त. या काळात मूल धांदरट होतं, पाय अडखळतात. ओरडून ते सुधारत नाही.

सरावाआधीची १५ मिनिटं

पाच मिनिटं हलकं पळणं. मध्यम गतीने चार-सहा सूर्यनमस्कार. मग प्रत्येक पायावर आठ लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जाणं), एका पायावर ३० सेकंद तोल (जोडीदाराने चेंडू टाकला तर आणखी चांगलं), २० सेकंदांची प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर अंग सरळ धरणं) तीन वेळा. शेवटी उडी मारून उतरण्याचा सराव, पाच-पाचच्या दोन फेऱ्या. उतरताना आवाज कमी यावा, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहावेत, आत झुकू नयेत. मुलींनी हे अजिबात टाळू नये, कारण वयात आल्यावर गुडघ्याचा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण त्यांच्यात मुलांपेक्षा जास्त असतं. फिफाने ७ ते १३ वयासाठी बनवलेला "११ प्लस किड्स" हा वॉर्म-अप अशाच व्यायामांचा आहे, आणि तो नियमित करणाऱ्या संघांमध्ये दुखापती जवळपास निम्म्या झाल्याचं चाचणीत दिसलं आहे. एका जागी थांबून दिलेला लांब ताण सरावानंतर.

बूट पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका. पुढे अंगठ्याएवढी जागा पुरे. झोप किमान आठ-नऊ तास. पोटभर खाणं, आणि कॅल्शियम: १३ ते १५ वयाला रोज सुमारे १,००० मिलिग्रॅम. पेलाभर दुधात साधारण २४०, शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण ३५०. मुलीची पाळी तीन महिने चुकली किंवा १५ व्या वर्षापर्यंत आलीच नाही तर सरावाच्या मानाने खाणं कमी पडत असण्याची शक्यता असते, डॉक्टरांना दाखवा.

मैदानात परत कधी

तारखेवर ठरवू नका. दुखऱ्या पायावर ३० सेकंद तोल, न दुखता दहा उड्या, दोन्ही पायांच्या उडीत फरक नाही, सरळ धावणं, मग नागमोडी धावणं. एवढं जमलं की आधी अर्धा सराव, मग पूर्ण, मग मॅच. ग्रोथ प्लेटचं फ्रॅक्चर असेल तर बरं झाल्यावरही सहा महिन्यांनी आणि वर्षाने हाडाची वाढ तपासायला जायचं असतं. मूल पळायला लागलं की ही तपासणी राहून जाते, म्हणून तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

संघाच्या पेटीत ठेवायचं सामान: दोन्ही मापांची क्रेप बँडेज, त्रिकोणी कापड किंवा ओढणी, गॉझ, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, सलाइनची बाटली, ओआरएस, बर्फासाठी थर्मास. सोबत एक कागद, त्यावर प्रत्येक मुलाचं वजन, औषधांची ॲलर्जी, धनुर्वाताची शेवटची लस (ती १० व्या आणि १६ व्या वर्षी द्यायची असते) आणि पालकांचे दोन नंबर.